जुन्या पिकअपचा दम कसा वाढवावा?

मोटारसायकलचा सायलेन्सर बदलला की गाडी जास्त पळते, असे अकरावी-बारावीच्या वर्गातील निम्मी मुले छातीठोकपणे सांगतील. 'का पळते?' असे विचारले, की मात्र उत्तरे डळमळू लागतात. प्रश्न खरोखर चांगला आहे. वायूंचे नियम, ज्वलनाचे रसायन, ऊर्जेचा हिशेब आणि मोजमापातील चुका असे चार-पाच धडे त्याच्या पोटात दडलेले आहेत. हे धडे एका प्रत्यक्ष इंजिनाच्या आधारे उलगडावेत, म्हणून आम्ही या लेखासाठी एक जुनी अमेरिकन पिकअप गाडी निवडली आहे.

पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी. अमेरिकेत ती घरगुती वाहन म्हणूनही वापरली जाते, आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या आवारातच तिची दुरुस्ती करणारे हौशी मालक तेथे पुष्कळ आहेत. अशा नवशिक्या मालकांसाठी 'हा भाग बसवा, दहा अश्वशक्ती मिळवा' असे सांगणारी मोठी बाजारपेठही तेथे आहे. आपले उदाहरण आहे १९९० च्या सुमाराची फोर्ड एफ-१५०. तिच्यातील ४.९ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन फोर्डच्या पिकअप गाड्यांमध्ये १९६५ पासून १९९६ पर्यंत बसवले जात होते. १९८७ मध्ये त्याचा कार्बुरेटर जाऊन त्या जागी पेट्रोलची फवारणी करणारी संगणक-नियंत्रित यंत्रणा आली. नवेपणी हे इंजिन मिनिटाला ३४०० फेऱ्यांना सुमारे १५० अश्वशक्ती देत असे. त्याचा टॉर्क, म्हणजे आस फिरवण्याचा जोर, २००० फेऱ्यांना सर्वात जास्त, सुमारे ३५० न्यूटन-मीटर असे.

तीस वर्षांनंतर अशी गाडी चढावर धापा टाकू लागते. तिचा दम वाढवायचा तर सुरुवात कोठून करावी?

इंजिन म्हणजे हवेचा पंप

आधी एक सोपा हिशेब मांडू या. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा आत घेतो. म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्या होत असतील, तर इंजिन आपल्या आकारमानाइतकी हवा १००० वेळा ओढते. १००० गुणिले ४.९ लिटर म्हणजे ४९०० लिटर. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम धरले, तर ही हवा ५.९ किलोग्रॅम भरते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून एवढ्या हवेत जास्तीत जास्त ०.४ किलोग्रॅम पेट्रोल नीट जळू शकेल.

आता दोन्हींचे आकारमान शेजारी ठेवून पाहा. ४९०० लिटर हवा आणि अवघे अर्धा लिटर पेट्रोल! अर्धा लिटर पेट्रोल आत सोडणे अगदी सोपे आहे. जवळजवळ पाच हजार लिटर हवा एका मिनिटात अरुंद वाटांतून आत घेणे आणि जळालेले वायू बाहेर टाकणे, ही खरी अवघड गोष्ट. इंजिनाची ताकद शेवटी या श्वासावर अवलंबून असते. नुसते पेट्रोल वाढवले, तर ते न जळता धुराबरोबर बाहेर जाते.

हिशेब पुढे नेऊ. एक किलोग्रॅम पेट्रोल जळताना सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. ०.४ किलोग्रॅमला १७.६ मेगाज्यूल, तेही मिनिटाला. म्हणजे सुमारे २९३ किलोवॅट. आणि इंजिन प्रत्यक्षात किती देते? ३५० न्यूटन-मीटर टॉर्कला कोनीय वेगाने (सेकंदाला २०९ रेडियन) गुणले, की ७३ किलोवॅट येतात. थोडक्यात, पाव हिस्सा कामाला आला. उरलेला तीन चतुर्थांश एक्झॉस्टमधून, रेडिएटरमधून आणि घर्षणात गेला. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नसल्याने हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याने चित्र बरोबर उभे राहते.

त्यातून आणखी एक गोष्ट कळते. २००० फेऱ्यांना हवा ओढण्याचा एक फटका १५ मिलिसेकंद चालतो. ३४०० फेऱ्यांना त्याच फटक्याला ९ मिलिसेकंदांहून कमी वेळ मिळतो. घाईत घेतलेला श्वास अपुरा पडतो. म्हणून ३४०० फेऱ्यांना टॉर्क ३५० वरून सुमारे ३१५ न्यूटन-मीटरवर उतरतो. हे इंजिन मुळातच कमी फेऱ्यांवर ओझे ओढण्यासाठी घडवलेले आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आधी हरवलेले परत आणा

नवशिक्याने पहिला खर्च नव्या भागांवर करू नये. आधी जुन्या इंजिनाने काय गमावले आहे ते शोधावे. सहा स्पार्क प्लगांपैकी एक नीट पेटत नसेल, तर ताकदीचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १७ टक्के, तेथेच गेला. एवढी वाढ देणारा स्वस्त भाग बाजारात मिळणे कठीण.

म्हणून क्रमाने पाहावे. प्लगांच्या दोन टोकांमधील फट झिजून वाढली आहे का? प्लगच्या वायरींचे आवरण तडकले आहे का? हवेच्या रबरी नळ्या फाटून आगंतुक हवा आत शिरते का? एक्झॉस्टमधील प्राणवायू मोजणारा सेन्सर म्हातारा झाला असेल, तर संगणकाला हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखता येत नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही. संगणकाला वाटते की ते नुकतेच सुरू झाले आहे, आणि तो जास्तीचे पेट्रोल देत राहतो. थर्मोस्टॅट हा अगदी किरकोळ किमतीचा भाग आहे.

इंजिनापुढच्या पंख्यालाही एक क्लच असतो. गरज नसताना पंखा मोकळा सोडणे हे त्याचे काम. तो जाम झाला, तर पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते. जाम क्लच बदलणे ही म्हणूनच ताकदवाढच ठरते. हेच ब्रेकबाबतही खरे. थोडे अंतर गाडी चालवल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागले, तर तेथे ब्रेक घासतो आहे असे समजावे.

श्वासाची वाट

आता बाजारातील सर्वात लोकप्रिय वस्तूकडे, एअर फिल्टरकडे वळू. 'मोकळा श्वास घेणारा' फिल्टर बसवल्याने किती फायदा होईल? वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. स्वच्छ कागदी फिल्टरमधून जाताना तो साधारणपणे एखाद-दुसऱ्या किलोपास्कलने उतरतो. फिल्टर काढूनच टाकला, तरी एक-दोन टक्क्यांहून अधिक मिळण्यासारखे तेथे काही नाही, आणि धूळ आत गेल्याने सिलिंडर घासले जातील ते वेगळेच. धुळीने तुंबलेल्या फिल्टरची गोष्ट निराळी. तो बदलायलाच हवा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील चाचण्यांत, फवारणी यंत्रणा असलेल्या मोटारींचा तुंबलेला फिल्टर बदलल्याने पेट्रोलची बचत झाली नाही, पण वेग घेण्याची क्षमता सुधारली. असे का व्हावे, याचा विचार विद्यार्थ्यांना करू द्यावा. उत्तर असे, की हळू चालवताना थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवत असते. फिल्टरची अडचण जाणवते ती झडप पूर्ण उघडल्यावर.

फिल्टरपेक्षा महत्त्वाचे आहे हवेचे तापमान. दाब तोच असेल, तर हवेची घनता केल्विनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बॉनेटखालची हवा ६० अंश सेल्सिअस, म्हणजे ३३३ केल्विन असेल आणि बाहेरची ३० अंश, म्हणजे ३०३ केल्विन, तर बाहेरची हवा सुमारे १० टक्के दाट असते. त्याच आकारमानात १० टक्के जास्त प्राणवायू! गंमत अशी, की गाडी बनवणाऱ्यांनी हे ओळखून हवेची नळी आधीच पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या वर आणून ठेवलेली असते. जुन्या गाड्यांत ती नळी फाटलेली किंवा हरवलेली आढळते. ती पुन्हा बसवणे हा खरा फायदा. याउलट, मूळ डबा काढून बॉनेटखाली उघडा चमकदार फिल्टर लावला, तर इंजिन जास्त आवाजात गरम हवा ओढते. आवाज वाढतो आणि ताकद उतरते.

एक्झॉस्टचेही असेच. या इंजिनाला कारखान्यातूनच दोन वेगळे मॅनिफोल्ड मिळाले होते, आणि ते बऱ्यापैकी मोकळे आहेत. गंजून आत कोसळलेला सायलेन्सर बदलल्याने दम नक्की परत येतो. पण पाइप जितका जाड तितका चांगला, हे खरे नाही. योग्य जाडीच्या पाइपमध्ये बाहेर धावणारा वायू आपल्या गतीने मागच्या वायूलाही ओढून नेतो. पाइप फार रुंद केला तर ही गती मंदावते, आणि कमी फेऱ्यांवरचा टॉर्क घटू शकतो. विषारी वायू निष्प्रभ करणारा उत्प्रेरक परिवर्तक काढून टाकणे तर अमेरिकेतील 'क्लीन एअर ॲक्ट'नुसार बेकायदेशीरच आहे.

झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट हा नवशिक्याचा विषय नव्हे. त्याने उच्च फेऱ्यांवर ताकद वाढते, पण कमी फेऱ्यांवर घटते. ओझे ओढणाऱ्या गाडीला नेमके उलटे हवे असते.

ठिणगीची वेळ

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला काही मिलिसेकंद लागतात. २००० फेऱ्यांना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १२ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते, म्हणजे दाब सर्वाधिक होतो तेव्हा पिस्टन नुकताच खाली निघालेला असतो. आपल्या इंजिनात ठिणगीची मूळ वेळ १० अंश आगाऊ ठरवलेली आहे, आणि त्यापुढचा बदल संगणक करतो. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर हलल्याने ही वेळ मागे गेलेली असू शकते. ती तपासायला ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा वापरतात. फिरती खूण त्याच्या प्रकाशात स्थिर दिसते. पाठ्यपुस्तकातला स्ट्रोबोस्कोप तो हाच.

काही हौशी मालक ही वेळ आणखी दोन-तीन अंश पुढे नेतात. थोडा टॉर्क मिळतोही. पण फार पुढे गेल्यास उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिन 'नॉक' करू लागते. हा खडखडाट म्हणजे पिस्टनवर पडणारे घाव. ऑक्टेन अंक सांगतो तो या भडक्याला पेट्रोल किती विरोध करते ते. पेट्रोलमधील ऊर्जा तो सांगत नाही. या इंजिनात मिश्रण सुमारे ८.८ पटच दाबले जाते. त्याला साधे पेट्रोल पुरते. नॉक होत नसताना महागडे पेट्रोल भरून ताकद वाढत नाही.

चाकापर्यंत काय पोचते?

मालकाला जाणवतो तो चाकांचा रेटा. मागच्या आसाचे गिअर प्रमाण ३.०८ असेल आणि ते ३.५५ केले, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा रेटा १५ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाची ताकद मात्र तीच राहते. सायकलवर चढ चढताना आपण लहान गिअर घेतो, तोच हा प्रकार. किंमतही तशीच मोजावी लागते. त्याच वेगाला इंजिन १५ टक्के जास्त फिरते आणि लांबच्या प्रवासात पेट्रोल जास्त पिते. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

उलटा प्रकारही घडतो. २९ इंच व्यासाचे टायर काढून रुबाबदार ३३ इंची टायर बसवले, की रेटा १२ टक्क्यांनी घटतो. मग मालक 'इंजिन थकले' म्हणून इंजिनावर खर्च करतो. हौद्यात वर्षभर पडून असलेले शंभर किलो सामान उतरवले, तर दोन टनांच्या गाडीला ५ टक्के फायदा होतो, तोही फुकट.

मोजल्याशिवाय मानू नका

एखादा भाग बसवल्यावर गाडी सुधारली, हे ठरवायचे कसे? मोकळ्या, सपाट रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत, ताशी ३५ मैलांपासून ५५ मैलांपर्यंत (म्हणजे ५६ ते ८८ किलोमीटर) वेग वाढायला लागणारा वेळ मोजता येतो. दोन टनांच्या गाडीची गतिज ऊर्जा या दरम्यान सुमारे ३६० किलोज्यूलने वाढते. समजा ८ सेकंद लागले, तर हवेचा आणि टायरांचा रोध वजा जाता उरलेली सरासरी शक्ती ४५ किलोवॅट झाली. ती ५ टक्क्यांनी वाढली तर वेळ ७.६ सेकंदांवर येईल. फरक जेमतेम ०.४ सेकंद. एका टक्क्याची वाढ असेल तर फरक फक्त ०.०८ सेकंद. स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाची प्रतिक्रियाच सुमारे ०.२ सेकंद घेते!

त्याहून मोठा चकवा हवामानाचा. दुपारी ३५ अंशांत एक चाचणी घेतली, संध्याकाळी नवा फिल्टर बसवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे १५ अंशांत पुन्हा चाचणी घेतली. पहाटेची हवा ७ टक्के दाट आहे. गाडी खरोखरच जास्त पळेल, आणि श्रेय फिल्टरला मिळेल. मालक खोटे बोलत नाही. त्याने फक्त एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि त्यांपैकी एकच ध्यानात ठेवली. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके, हवा घुसळणाऱ्या फिरक्या, तापमानाच्या सेन्सरला फसवणारे छोटे रोधक अशा वस्तू याच चकव्यावर वर्षानुवर्षे विकल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळले नाही.

म्हणून नियम साधे ठेवावेत. एका वेळी एकच बदल. दोन्ही चाचण्या एकाच रस्त्यावर, सारख्या हवेत, सारख्या ओझ्यानिशी. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी, प्रत्येकी किमान तीनदा. चालवणारा एक आणि मोजणारा दुसरा. स्टॉपवॉचऐवजी मोबाइल फोनने वेगमापकाचे चित्रीकरण केले, तर सेकंदाला ३० चित्रे मिळतात आणि प्रतिक्रियेची चूक टळते. शेवटी सरासरीबरोबर आकड्यांचा पसाराही लिहावा. फरक पसाऱ्याहून लहान असेल, तर 'सुधारणा दिसली नाही' असेच म्हणावे.

थांबवण्याची ताकद

वेग वाढवण्यापूर्वी ब्रेक पाहावेत. दोन टनांची गाडी ताशी ९० किलोमीटरने जात असेल, तर थांबताना ब्रेकना ६२५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. ताशी ११० ला सुमारे ९३५. वेग २२ टक्के वाढला, उष्णता जवळजवळ दीडपट झाली. जुनी होजपाइप, झिजलेले लायनर, कडक झालेले टायर यांवरचा खर्च मिरवता येत नाही, पण तोच पहिला असावा. आणि गाडीखाली शिरताना ती नुसत्या जॅकवर कधीही उभी ठेवू नये; भक्कम स्टँड लावावेत.

आपल्याकडे परिस्थिती थोडी वेगळी आहे. भारतातील बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो आणि त्यात हवा बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते. डिझेल वाढवत नेले की आधी ताकद आणि मग काळा धूर वाढतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. हरवलेला दम परत आणायला मात्र कोणाचीच हरकत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

- पट्टी सोडून पकडण्याचा खेळ घ्यावा. २० सेंटिमीटर घसरल्यावर पट्टी पकडली, तर प्रतिक्रियेचा काळ सुमारे ०.२ सेकंद. वर्गाची सरासरी आणि पसारा काढावा.
- पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरावे. एक किलोपास्कल दाबाला पातळ्यांत सुमारे १० सेंटिमीटर फरक पडतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाशी कापडाचे एक, दोन, तीन थर लावून दाब कितीने उतरतो ते मोजावे. ही नळी इंजिनाच्या थ्रॉटलपलीकडे मात्र कधीही जोडू नये. तेथील ओढ पाण्याचा कित्येक मीटर उंचीचा स्तंभ खेचण्याइतकी असते, आणि पाणी सरळ इंजिनात जाईल.
- सायकलच्या पुढच्या-मागच्या चक्रांचे दाते मोजून, पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते आधी गणिताने काढावे आणि मग जमिनीवर मोजावे.

एवढे झाल्यावर मोटारसायकलच्या सायलेन्सरचा प्रश्न पुन्हा वर्गात काढावा. या वेळी मुलांना एवढेच विचारावे : किती टक्के, आणि ते तुम्ही कसे मोजाल?